दादाच्या सापळ्याचा आकडा

वहिनी : ...आणि आल्या आल्या सरळ मक्यात शिरलात! घोटभर पाणी तरी घ्यायचं, ताई.

बहीण : वहिनी, पार शेवटपर्यंत असंच आहे?

वहिनी : असंच. कुठल्याही ताटाच्या शेंड्याच्या पोंग्यात बोट घाला, अळी नाहीतर तिची घाण. आमचं सोडा, शेजारच्या काकांचा मका तर बघवत नाही. काका यांच्याशी बोलायचे बंद झालेत.

दादा : तिला कशाला सांगतेस? ती काय पिशवीतून अळ्या घेऊन आली होती?

वहिनी : दारोदार फिरून तुम्हीच सांगत होतात ना? 'माझ्या बहिणीचा कॉम्प्युटर म्हणतो, या आठवड्यात अळी वाढणार नाही, फवारू नका.' काकांनी पाठीवर घेतलेला पंप खाली ठेवायला लावलात. स्वतःच्या सापळ्यात या अळीच्या पतंगांचा खच पडलेला, तरी म्हणे, तिचं मशीन माझ्यापेक्षा शहाणं!

दादा : चिमे, हिचं मनावर घेऊ नकोस. तुझ्या मशीनचा काही दोष नाही. रोज सकाळी पतंग मोजायचे आणि फोनवरून आकडा कळवायचा, एवढं एकच काम होतं माझ्याकडे. आकडा मीच चुकीचा दिला.

बहीण : नाही, दादा.

दादा : अगं, नाही काय? काकांनाही तेच सांगून आलो. म्हटलं, काय बोलायचं ते मला बोला.

बहीण : तू त्यांची माफी मागितलीस?

वहिनी : उंबऱ्याबाहेर उभं राहून. आत या, असंही म्हणाले नाहीत ते.

बहीण : दादा, तुझा आकडा मॉडेलमध्ये गेलाच नव्हता.

दादा : असं कसं? 'मिळाला' म्हणून उत्तर आलं होतं की मला.

बहीण : मिळाला होता. आसपासच्या सगळ्या सापळ्यांत मूठभर पतंग आणि तुझ्या एकट्याच्या सापळ्यात ढीग. असा एखादाच आकडा उसळला की मॉडेल थांबतं, आम्हाला विचारतं, हा धरू की सोडू? मी म्हटलं, सोड.

वहिनी : का पण?

बहीण : नाव वाचलं म्हणून. हसले मी, वहिनी. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही सांगितलं, हा आमचा दादा, याला राईचा पर्वत करायची सवय, लहानपणी मांजर बघून बिबट्या आला म्हणत अख्खी गल्ली बाहेर काढली होती याने. त्याही हसल्या. एका बोटाचं काम होतं, आकडा गेला.

वहिनी : आणि मका गेला.

बहीण : काल तो आकडा परत घालून बघितला. नकाशावर हा सगळा पट्टा लाल झाला. अळी याच बाजूने शिरली, दादा. सगळ्यांच्या आधी तुझ्याच सापळ्यात दिसली होती.

(दादा एक कुरतडलेला पोंगा उकलत राहतो.)

दादा : असे उसळलेले आकडे दुसऱ्यांचेही येत असतील की.

बहीण : येतात.

दादा : तेव्हा काय करता?

बहीण : फोन करतो. नीट मोजलेत ना, पुन्हा एकदा बघता का, असं विचारतो. नियमच आहे तसा.

दादा : मला नाही आला फोन.

बहीण : ओळखते ना तुला! परका असतास तर केला असता. दादा, मला इतकी लाज वाटतेय रे. काकांकडे मी येते. सगळ्यांना माझ्या तोंडाने सांगते. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

वहिनी : मग चला, आत्ताच चला. हे उगाच मान खाली घालून फिरताहेत.

दादा : थांब गं जरा. चिमे, काकांना मी खोटं नाही सांगितलं. आकडा खरंच चुकीचा होता.

बहीण : म्हणजे? वाढवून दिला होतास?

दादा : दोनदा मोजले होते. मग म्हटलं, एवढे सांगितले तर तुला वाटेल, दादा पुन्हा फुगवून सांगतोय. म्हणून निम्मेच कळवले.