विहीण पानावर बसेना

मंडळी, ऐका. माणसाला रिझवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? गाणं म्हणायचं? नकला करायच्या? लगेच माना हलवू नका – आधी द्वारकाबाईची गोष्ट ऐका.

द्वारकाबाईच्या लेकीचं लग्न. अक्षता पडल्या, पंगत बसली, भातावर तूप पडलं – आणि वरमाय सुभद्राबाई खोलीत जाऊन बसली! त्या गावची रीतच होती: वरमायने रुसायचं, मुलीकडच्यांनी तिला रिझवायचं, आणि ती पानावर बसेपर्यंत कुणी घास उचलायचा नाही.

झालं. द्वारकाबाईने बँडवाले दारात उभे केले. विहीण ढिम्म. भाच्याने नवरदेवाच्या मामांची नक्कल केली – मामासुद्धा हसले, विहीण भिंतीकडे बघत राहिली. पैठणी पुढे ठेवली. तिने घडी मोडली नाही. तिकडे भात गार, पाहुण्यांच्या कपाळाला आठ्या. द्वारकाबाई कातावली. संध्याकाळी लेक याच बाईच्या घरी जायची होती ना!

शेवटी तिने सगळ्यांना बाहेर काढलं, दार लोटलं आणि जमिनीवर फतकल मारली. म्हणाली, "विहीणबाई, माझं डोकं आता चालत नाही. काय हवंय ते तुम्हीच सांगा."

"मी रुसलेली नाहीच," सुभद्राबाई म्हणाली. "सकाळी लेकाला हळद लावताना मला लांब बसवलं. विधवा ना मी. मग तुम्ही करंडा घेऊन आलात. माझ्या जावेला कुंकू लावलंत आणि माझ्यासमोरून पुढे गेलात. तेव्हापासून घास उतरेलसं वाटत नाही."

बघा! अख्खा मांडव दुःखाला रुसवा समजून बँड वाजवत होता.

द्वारकाबाई उठली. हळदीची वाटी घेतली, विहिणीचा हात धरला, तिला भर पंगतीत नेलं. द्वारकाबाईची काकी पुटपुटली, हे कुठे चालतं का? "काकी, तुम्ही जेवा," द्वारकाबाई म्हणाली. सुभद्राबाईने लेकाच्या गालाला हळद लावली, पानावर बसली, आणि पहिल्याच घासाला म्हणाली, आमटीत मीठ जास्त झालंय. द्वारकाबाईला हायसं वाटलं.

मंडळी, समोरच्याकडे न बघता त्याला काय रिझवणार? देवापुढे कर्णे लावता. आईपुढे टीव्ही लावून निघून येता, वर सांगता, रमते ती. विचारलंत कधी?

आता आरती होईल. मागे खांबापाशी काही बायका बसल्यात. तबक दर वेळी त्यांच्या अलीकडूनच वळतं. आज ते कुठवर जातं, ते मी इथे उभी राहून बघणार आहे.