सासूबाईंच्या पोपटाची वाटी

बोईसरच्या थांब्यावर पालघरची एस्टी येईना. बाळ माझ्या मांडीवर निजलं होतं. शेजारी पिंजरा घेतलेली एक सून आणि शिरगावची मासळीवाली बोलत होत्या.

"पोपट मान टाकून का बसलाय गो?"

"पंधरा दिवस वाटी घासली नाही, मावशी. गुरांच्या डॉक्टरकडे नेतेय."

"हात मोडलं काय तुजं?"

"तो रामनाम घेतो ना. सासूबाईंशिवाय कुणी वाटीला शिवायचं नाही, विटाळ होतो. त्या गावी गेल्यात."

"आन तवर त्यानं शेवाळ प्यायचं? आण इकडं."

तिने वाटी घासून आपल्या तांब्यातलं पाणी ओतलं. पोपट पुढे सरकून प्यायला.

"सासूबाईंना कळलं तर, मावशी?"

"तूच सांग. कोळणीनं शिवली म्हनून तरी धा वेळा घासतील."