तारप्याकडे पाठ

टीव्हीवर गाण्यांच्या व्हिडिओंना बक्षिसं देतात ना, त्या कार्यक्रमात आम्ही तलासरीच्या बाया नाचलो. पण तालमीत काय झालं, ते कुणी दाखवलं नाही.

तिथला साहेब म्हणाला, "मावशी, तोंड कॅमेऱ्याकडे करा. तारपा वाजवणारा मागे उभा राहील."

मी म्हटलं, "तारप्याकडे पाठ करून आम्ही नाचत नाही. तो मध्ये, आम्ही त्याच्याभोवती."

"मग टीव्हीवर नुसत्या पाठी दिसतील."

माझी नणंद कानाशी लागली, "वहिनी, ऐक ना त्याचं. सगळा पाडा बघायला बसणार आहे."

तोंड तर मलाही दाखवायचं होतं. नवी साडी काय पाठीसाठी नेसले होते?

"साहेब, कॅमेरा तुमच्या माणसाच्या खांद्यावर आहे, जमिनीत पुरलेला नाही. त्यालाच पाठवा तारपेवाल्याजवळ."

साहेबाने पाठवला. कार्यक्रमातही तो मध्येच राहिला, तारपेवाल्याबरोबर गोल गोल फिरत.

घरी आले तर नवरा म्हणाला, "तोंड झकास दिसलं तुझं. पण एवढे डोळे वटारून कुणाकडे बघत होतीस?"

"त्या कॅमेरावाल्याकडे. मेला सारखा ठेका चुकत होता."