तरवडाच्या शेंगा

धरणगावहून सुटलेल्या एसटीत माझ्यापुढच्या बाकावर बसलेली म्हातारी शेजारच्या मुलीच्या पिशवीत डोकावली.

"शिवारमा काय शोधी राहिनी व्हती, माय?"

"तरवडाच्या शेंगा, अक्का. रानझुडपांचं बी आम्ही बीजपेढीच्या थंड खोलीत वर्षानुवर्षं जपून ठेवतो."

"मंग पिशवी रिकामी कशी?"

"तुमच्या शिवारात झुडपं आहेत, पण एकालाही शेंग नाही. रोग म्हणावा, तर पानं हिरवीगार."

"रोग नही शे. नवरात्रमा घटवर रोज तरवडना फुलेसनी माळ लागस. बठ्ठा फुलं आम्हीच तोडतस."

"एकही ठेवत नाही?"

"देवीनं शे, मांगे कसं ठेवा?"

"फूल तोडलं, की शेंग कुठून धरणार, अक्का?"

"ते बी खरं शे."

"मग?"

"पुढला साल ये, माय. एक झुडूप मी देवीकडे मागी लेसू."