दादाची झडप

हृदयविभागाबाहेर मी पुस्तक उघडून बसलो होतो. पान काही उलटत नव्हतं. शेजारच्या बाकावर बहीणभाऊ होते. दुसऱ्या दिवशी भावाच्या हृदयाची झडप बदलणार होते. त्यांचं बोलणं ऐकू नये असं वाटत होतं, पण मी उठलो नाही.

"शेजारच्या खाटेवरच्या काकांची संमतीच्या फॉर्मवर सही घेतलीस. त्यांची झडप तुझ्या प्रयोगशाळेत जाणार, आणि माझी नाही?"

"तुझी नको, दादा."

"का? हलक्या प्रतीची आहे?"

"काहीतरीच तुझं."

"तुम्ही शोधता तरी काय तिच्यात?"

"पेशींतून बारीक पिशव्या सुटतात. त्यांचं आवरण चरबीसारखं स्निग्ध असतं. त्या आवरणाला एक प्रथिन चिकटलं की आत कॅल्शियम साचतं आणि त्याचा टणक कण बनतो. हाडात हे व्हावंच लागतं. झडपेत नको."

"म्हणजे छातीत हाड घेऊन फिरतोय मी."

"जवळजवळ. ते प्रथिन चिकटूच दिलं नाही तर काय होईल, ते बघतोय आम्ही."

"मग आण तो फॉर्म."

"अरे, तुझी झडप मी कापू कशी?"

"झडपेच्या डबीवर नाव असतं?"

"नाही. नुसता नंबर."

"मग माझी कुठली, ते तुला कळणार कसं?"

"कळणारच नाही. म्हणून तर प्रत्येक तुझीच वाटेल."

"वाटू दे की. सगळ्याच जपून कापशील. पेन दे."