शर्ट खोटं बोलत नाही

...आणि वर मलाच विचारतात, "अरे, तुझ्याकडे दुसरा शर्ट नाही का?" आहे! तुम्हाला सांगतो, आहे! दुसरा आहे, तिसराही आहे, फक्त ते पहिल्यासारखेच दिसतात, आणि तेच तर त्यातलं तत्त्व आहे! पण तत्त्व कुणाला ऐकायचंय? इथे लोकांना शर्ट बघायचाय!

तर झालं असं... मी शिकायला लांब होतो, खूप लांब. तुमच्या बाथरूमएवढी माझी खोली, आणि कपाट म्हणजे दाराच्या मागे ठोकलेली खुंटी. त्या खुंटीखाली मला ज्ञान झालं. माणसाला कपडे किती लागतात? मोजके! पण निवडायचे असे, की कशावर काहीही घाला, शोभलंच पाहिजे. राखाडी शर्ट, काळी पँट, गडद निळा कोट. कोट चढवला की समारंभ, कोट उतरवला की ऑफिस, बाह्या दुमडल्या की मित्रांकडे. सकाळी कपाटासमोर उभं राहून डोकं खाजवायचं नाही, वेळ वाचतो, पाणी वाचतं, पृथ्वी वाचते! सगळं सगळ्यावर चालतं!

परत आलो तो हे तत्त्व घेऊनच. पहिल्याच दिवशी माझे जुने कपडे गाठोडं बांधून देऊन टाकले. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "एवढं शिकून आलास आणि शाळेचा गणवेश पुन्हा चढवलास?" मी म्हटलं, "आई, हा गणवेश नाही, हा विचार आहे." ती म्हणाली, "मग विचाराला इस्त्री तरी कर."

बरं, सगळं सगळ्यावर चालतं म्हणजे चालायला तर पाहिजे ना? मामाच्या मुलीच्या लग्नाला गेलो, कोट घालून, ऐटीत. मामी म्हणतात, "ऑफिसातून थेट आलास वाटतं? बस बाबा, दमला असशील!" पुढच्याच आठवड्यात एका ओळखीच्यांकडे भेटायला गेलो, त्यांचे वडील वारले होते, म्हणून गंभीरपणे तोच कोट... तर ते गृहस्थ डोळे पुसत मलाच म्हणतात, "कुठे लग्नाला निघालायस का? आमच्यामुळे खोळंबू नकोस हं." आणि कोट घालून ऑफिसला गेलो तर सगळं ऑफिस कुजबुजतंय, "याला दुसरीकडे नोकरी लागली!" म्हणजे लग्नात ऑफिसचा, दुःखात लग्नाचा आणि ऑफिसात पळपुटा! पण मी डगमगलो नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

आता मुख्य दुखणं ऐका. मी रस्ते खात्यात आहे. हसू नका! मी मुद्दाम परत आलोय या कामासाठी. आमच्या मोठ्या रुग्णालयासमोरचा रस्ता बघितलाय तुम्ही? फूटपाथ नाही. आजारी माणूस गाड्यांच्या मधून वाट काढत आत जातो आणि बरा होऊन बाहेर आला की गाड्यांच्या मधूनच परत जातो, म्हणजे पुन्हा आत यायची सोय! माझी सख्खी आत्या तिथे घसरली. रक्तदाब दाखवायला गेली आणि हात प्लास्टरमध्ये घालून आली. आता त्या रस्त्याचा नवा आराखडा होत होता, महिनाअखेर तो आराखडा कायम होणार, त्याआधी फूटपाथ आत घुसवला तर घुसला, नाहीतर पुढची कित्येक वर्षं बसा बोंबलत. आत्या रोज फोन करायची, "काय रे, तुझा फूटपाथ कुठवर आला? मला एकच हात उरलाय, घाई कर!"

मी तर तयारच होतो! वर्षभर त्या रस्त्यावर उभा राहून मी माणसं मोजली होती. उन्हात, पावसात, थंडीत कुडकुडत. आमच्या खात्याचा नियम असा, की प्रत्येक पाहणीच्या फोटोत पाहणी करणारा स्वतः जागेवर उभा दिसला पाहिजे. नाहीतर लोक घरी बसून पाहणी करतात म्हणे! मी प्रत्येक वेळी फोटो काढून घेतला. जाडजूड अहवाल केला, साहेबांपुढे ठेवला, आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो.

साहेबांनी एक फोटो बघितला. दुसरा बघितला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "शहाणे आहात. एका दिवसात सगळे फोटो उरकलेत!"

मी म्हटलं, "साहेब! वर्षभर गेलोय मी!"

"वर्षभर? आणि शर्ट?"

"साहेब, माझे सगळे शर्ट असेच आहेत. म्हणजे ते तत्त्व आहे. सगळं सगळ्यावर..."

"पँट?"

"तीही तशीच, साहेब."

"असं कुणी करतं का हो?"

"साहेब, तारखा बघा ना, प्रत्येक फोटोखाली तारीख आहे!"

"तारीख काय, कुणीही घालतो. शर्ट खोटं बोलत नाही."

"हा बघा, साहेब, या फोटोत पाऊस आहे!"

"पाइप फुटला असेल," साहेब शांतपणे म्हणाले आणि अहवाल माझ्याकडे सरकवला. "मी जुना माणूस आहे. नीट पाहणी करून आणा. चार दिवस आहेत."

चार दिवसांत वर्षभराची पाहणी! मी घरी आलो, अहवाल आपटला, खुर्चीत कोसळलो. म्हटलं, आई, संपलं! या देशात प्रामाणिक माणसाला... वगैरे वगैरे, मी बराच वेळ बोललो. आत्या तेव्हा घरीच होती, प्लास्टरचा हात उशीवर ठेवून ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "झालं तुझं भाषण? आता काकांकडे जा आणि शर्ट घेऊन ये."

आमचे काका म्हणजे हौशी काका! त्यांच्याकडे कपाट नाही, कपडेपट आहे. फुलांचे शर्ट, चौकडीचे शर्ट, केशरी, पोपटी, जांभळा, एक तर असा की त्याच्यावर नारळाची झाडं आणि झाडांवर सूर्य! मी म्हटलं, आत्या, ही फसवणूक आहे! ती म्हणाली, "माणसं मोजलीस ती खोटी आहेत का?" नाहीत. "मी पडले ते खोटं आहे का?" नाही! "मग शर्टाने तुझं काय घोडं मारलंय?"

गेलो काकांकडे आणि पिशव्या भरून शर्ट आणले.

एका सकाळी, तुम्हाला सांगतो, एकाच सकाळी, मी त्या रस्त्यावर पिशव्या घेऊन उभा. जाहिरातीच्या फलकाच्या मागे जायचं, पोपटी घालायचा, बाहेर यायचं, फोटो! पुन्हा मागे, चौकडी, फोटो! जांभळा, फोटो! आई फोटो काढतेय आणि मधेच ओरडतेय, "जरा दमल्यासारखा दिस, उन्हाळा आहे!" मग छत्री उघडून पावसाळा झाला. मागे एका पायरीवर एक कुत्रा झोपलाय, तोच कुत्रा, तीच पायरी, तीच कूस, सगळे ऋतू त्याने झोपेत काढले! आकडे मात्र माझे जुनेच ठेवले, वर्षभराचे, एकही बदलला नाही. आकडे खरे, फोटो खोटे.

साहेबांनी फोटो बघितले. एकेक, निवांत. नारळाच्या झाडांपाशी थांबले. म्हटलं, मेलो! साहेब मान हलवत म्हणतात, "वा! याला म्हणतात पाहणी! केवढी मेहनत दिसते!" मग कुत्र्यावर बोट ठेवलं. साहेब म्हणाले, "कुत्रा मात्र नियमित आहे हं. तुमच्यापेक्षा."

आणि केली सही! फूटपाथ आराखड्यात गेला! जे वर्षभर उन्हातान्हात उभं राहून झालं नाही, ते एका पोपटी शर्टाने केलं!

आत्याला फोन केला तर ती म्हणते, "सांगत नव्हते? माणसाने जरा नीटनेटकं राहावं." आईने माझे राखाडी शर्ट भांडी पुसायला काढलेत. म्हणते, सगळ्या भांड्यांवर चालतात! आणि काल साहेबांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं, खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "तुमच्यासारखी सचोटीची माणसं पाहिजेत खात्याला. आता नदीवरच्या पुलाची पाहणी तुम्हीच करा, दोन वर्षांची, सविस्तर."

मी "हो साहेब" म्हटलं, बाहेर आलो, आणि हौशी काकांना फोन लावला... "काका, तुमच्याकडे स्वेटर किती आहेत?"