पुसलेलं मेण

ऋतुजा : दोन्ही स्क्रू काढले, काका, तरी रायफल लाकडी दस्त्यातनं सुटत नाही! मी लोखंडाला मेण चोळून ठेवलं होतं. तुम्ही फक्त लाकडात इपॉक्सीचा गोंद भरून ती वर बसवायची होती.

बसवराज : बसवली की. दस्त्यात पुढं सळई बी घातली. दाबून बघ, लाकूड वाकतंय का आता?

ऋतुजा : मेण कुठं गेलं?

बसवराज : ते चिकट व्हय? पुसलं. खंडेनवमी होती अव्वा. हत्यार तसंच बरबटलेलं पूजेला ठेवू? रॉकेलनं लख्ख केली, विभूती लावली, मगच इपॉक्सीत बसवली.

ऋतुजा : अहो, इपॉक्सीनं लोखंड धरू नये म्हणून होतं ते! रायफल घट्ट बसायला आत नुसता साचा उमटवायचा होता. तुम्ही जन्माची चिकटवलीत!

बसवराज : वरडू नकोस. क्लबात मान्सं हायती.

ऋतुजा : असू देत! रविवारी माझी निवड चाचणी आहे. ती झाली की क्लबचा नवा ॲल्युमिनियमचा दस्ता बसवायचा होता. आता हा फोडल्याशिवाय निघणारच नाही.

बसवराज : तुझ्या बापानं तासलाय त्यो. माझ्या अण्णानं. चार महिनं रोज संध्याकाळी हितं बसून. अन् तुमी म्हणं भंगारात टाकणार!

ऋतुजा : मला काय हौस आहे? बाबा गेल्यापासून त्याच दस्त्यानं मारतेय ना मी? पण लाकूड फुगतं, गोळ्या पांगतात. मी हरू का त्यापायी?

बसवराज : आधी मारून तर बघ. मग बोल.

(ऋतुजा दातओठ खात रायफल उचलते. स्क्रू परत पिळते, जमिनीवर पालथी पडते आणि एकामागून एक पाच गोळ्या झाडते. काका दुर्बिणीला डोळा लावून.)

बसवराज : एकच भोक दिसतंय. बाकीच्या कुटं गेल्या?

ऋतुजा : सरका, बघू दे... त्यातच आहेत सगळ्या.

बसवराज : बघ! उगंच बोंबलत हुतीस.

ऋतुजा : उगाच नाही! मला न विचारता पुसलंत, याचा राग यायचा तो येणारच. नवीन दस्ता आता कपाटातच राहणार.

बसवराज : राहू दे की.

ऋतुजा : काका, खरं सांगा. ते मेण कशाला लावतात, तुम्हाला ठाऊक नव्हतं?

बसवराज : अण्णानं ह्यो दस्ता पयल्यांदा बसवला, तवा मेण मीच चोळलं हुतं.